निर्बंधांतून औषधांना सूट असते, तर मग इराणमध्ये औषधं का मिळेनात?

घाटवाटा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सध्या आर्थिक दबाव आणि निर्बंध हा भाग चालू आहे. उदाहरण म्हणून मी इराण घेतला, कारण त्यात सगळंच सापडतं: अमेरिकेचे एकतर्फी निर्बंध, संयुक्त राष्ट्रांचे ठराव, युरोपची तेलबंदी, २०१५ चा अणुकरार आणि २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यातून घेतलेली माघार.

अन्न, औषधं आणि वैद्यकीय साहित्याला निर्बंधांतून सूट असते, असं मी सांगितलं. त्यावर एका मुलीनं विचारलं, सूट आहे तर तिथल्या लोकांना कॅन्सरची औषधं का मिळत नाहीत? अमेरिका म्हणते आम्ही औषधं अडवलेलीच नाहीत. इराण म्हणतो तुमच्यामुळे आमचे रुग्ण मरताहेत. मग खरं कोण बोलतंय? "दोघांचंही थोडं थोडं खरं" असलं गुळमुळीत उत्तर मला तिला द्यायचं नाही.

इथे बँकेतले, निर्यातीतले बरेच जण लिहितात. औषध नेमकं कुठे अडतं, हे कोणी प्रत्यक्ष अनुभवावरून सांगेल का? आणि दुसरं, एवढं करून निर्बंधांनी काही साधतं का?

पिंपळपार

दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. दक्षिण आफ्रिका विसरू नका. वर्णद्वेषी सरकारशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, तोही १९४६ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र व्हायच्या आधी. बाकी जगानं पुष्कळ वेळ घेतला. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी सक्तीची झाली १९७७ ला. अमेरिकेचा कायदा आला १९८६ ला, रेगन यांचा नकाराधिकार काँग्रेसनं फेटाळल्यावर.

पण त्या सरकारला खरा घाम फुटला त्याच्या आदल्या वर्षी. १९८५ मध्ये चेस मॅनहॅटन बँकेनं अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला. तिच्यामागून इतर बँकाही गेल्या, तिथलं चलन रँड कोसळलं आणि सरकारला परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली. त्या बँकेला असं करायला कुठल्या कायद्यानं भाग पाडलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. तिथे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस स्वतः जगाकडे निर्बंधांची मागणी करत होती. ज्यांच्या पोटावर पाय येणार होता, त्यांचेच पुढारी म्हणत होते की लावा. मला हा फरक फार मोठा वाटतो.

तळेगावकर

आपल्यावरही लागले होते की! ११ आणि १३ मे १९९८, पोखरण. अमेरिकेनं मदत थांबवली, जागतिक बँकेची कर्जं लांबवली, आपल्या संस्थांची नावं काळ्या यादीत टाकली. मी तेव्हा चाकणला एका कारखान्यात होतो. परदेशातून येणारं एक मोजमापाचं यंत्र येईना, म्हणून आमच्या लोकांनी खपून इथेच तसं बनवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टेट बँकेनं रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि परदेशातल्या भारतीयांनी ४ अब्ज डॉलरच्या वर पैसे दिले. सप्टेंबर २००१ मध्ये निर्बंध उठले. आपण वाकलो नाही. ठाम राहिलेल्या देशाला निर्बंधांनी काही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इराणमध्ये औषधं मिळत नसतील तर तो तिथल्या राज्यकर्त्यांचा नाकर्तेपणा म्हणायचा.

शेवंती

घाटवाटा, तुमच्या विद्यार्थिनीनं नेमकं हवं तिथे बोट ठेवलंय. मी एका सरकारी बँकेच्या मुंबईतल्या परकीय चलन शाखेत होते आणि नोकरीचा बराच काळ निर्यातीची कागदपत्रं तपासण्यात गेला. त्या टेबलावरून दिसलं ते सांगते. थोडं लांबेल.

औषधाचं खोकं बंदरावर कोणी धरून ठेवत नाही. अडतात ते त्याचे पैसे.

मुंबईच्या निर्यातदारानं परदेशात माल विकला आणि सौदा डॉलरमध्ये असला, तर पैसे त्या देशातून थेट मुंबईला येत नाहीत. आमच्या बँकेचं डॉलरचं खातं न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात. समोरच्या बँकेचंही तसंच तिथे असतं. रक्कम या खात्यातून त्या खात्यात न्यूयॉर्कमध्ये फिरते, म्हणजे दोन मिनिटं का होईना ती अमेरिकेच्या कायद्याखाली येते. विकणारा भारतीय, घेणारा इराणी, माल सोलापूरचा, तरी वॉशिंग्टनला त्यात हात घालता येतो तो एवढ्यामुळे. इराणी पैशाला काही अटींवर न्यूयॉर्कमधून नुसतं पार व्हायची मुभा होती, तीही नोव्हेंबर २००८ मध्ये काढून घेतली.

पुढे फास आवळत गेला. २०१० च्या अमेरिकी कायद्यानं तिसऱ्याच देशांतल्या बँकांना बजावलं की निर्बंधांच्या यादीतल्या इराणी बँकांशी मोठे व्यवहार केलेत तर तुमचं अमेरिकेतलं खातं बंद. ३१ डिसेंबर २०११ ला ओबामा यांची सही झालेल्या कायद्यात खुद्द इराणची मध्यवर्ती बँक आली. मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्टमधून तोडल्या. स्विफ्ट पैसे नेत नाही, बँकांचे एकमेकींना संदेश नेते. पण संदेशच पोचणार नसेल तर एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची लेखी हमी, उघडायची कशी आणि पैसे पोचल्याची खात्री कोण देणार?

भारताची तेव्हा झालेली धावपळ मला चांगली आठवते. इराणी तेलाचे पैसे आधी एशियन क्लिअरिंग युनियनमधून जायचे. १९७४ पासूनची ही व्यवस्था, तिचं मुख्यालयच तेहरानला. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो रस्ता बंद केला. मग हॅम्बुर्गच्या एका इराणी बँकेतून पैसे गेले, तिच्यावर युरोपनं कारवाई केल्यावर तुर्कस्तानच्या हाल्कबँकेतून, आणि २०१३ मध्ये तोही मार्ग आटला. उरलं ते युको बँकेतलं रुपयांचं खातं. अमेरिकेत शाखा नसलेली बँक मुद्दाम निवडली होती. तेलाच्या किमतीतला ४५ टक्के भाग तिथे रुपयांत जमा व्हायचा आणि इराणनं त्यातून भारतातलाच माल घ्यायचा. उरलेले ५५ टक्के साचत राहिले. २०१६ मध्ये निर्बंध सैल झाले तेव्हा भारताकडून इराणचं सुमारे साडेसहा अब्ज डॉलर येणं होतं. तेल केव्हाच जळून गेलं होतं आणि पैसे द्यायला वाट नव्हती.

आता औषधांच्या सुटीकडे येते. सूट खरी आहे, कागदावर आहे, अमेरिकेच्या नियमांत स्पष्ट लिहिलेली आहे. पण त्या सुटीमुळे व्यवहार करायची परवानगी मिळते, कुठल्याही बँकेवर तो करायची सक्ती होत नाही. आणि बँक का करत नाही, हे समजायला २०१४ साल बघा. फ्रान्सच्या बीएनपी परिबा बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाशी केलेल्या व्यवहारांबद्दल अमेरिकेनं जवळजवळ ९ अब्ज डॉलरचा दंड केला. शिवाय काही प्रकारचे डॉलरचे व्यवहार वर्षभर बंद. ही बातमी आली त्यानंतर आमच्याकडे वरून सूचना यायला लागल्या, त्यांत "इराण" दिसलं की फाइल मुख्य कार्यालयाकडे. मुख्य कार्यालयाचं उत्तर वेळेवर यायचं नाही, आणि आलं तर नकाराचं. औषधाच्या एका एलसीवर बँकेला कमिशन सुटणार काही हजार रुपये. उलट बाजूला काय पडू शकतं हे सगळ्यांनी पाहिलेलं. माझ्या जागी बसलेला कुठलाही अधिकारी सही करायला धजणार नाही, त्यात त्याला दुष्ट म्हणण्यासारखं काही नाही. कायदा जिथे थांबतो तिथून पुढे भीती चालू होते, आणि ती कायद्यापेक्षा खूप लांबवर पोचते.

किती लांबवर? मुंबईत इराणी आडनावाची कितीतरी कुटुंबं आहेत, पिढ्यान् पिढ्या इथली. आमच्या एका वयस्कर खातेदार बाईंना मुलाकडून डॉलर यायचे, तो अमेरिकेतच नोकरीला. आडनावामुळे मधल्या बँकेच्या संगणकानं रक्कम थांबवली आणि विचारणा आली: या व्यक्तीचा इराणशी संबंध काय? मी उत्तरं टाइप करत बसले होते, आणि त्या समोर बसून विचारत होत्या की माझ्या नावात काय चुकलं. त्यांचे पैसे अखेर आले, कारण त्यांच्यासाठी पत्रव्यवहार करणारं कोणीतरी होतं. तेहरानच्या रुग्णालयाच्या रकमेसाठी तो कोण करणार?

२०१८ नंतरचं एक उदाहरण मुलांना द्याच. एक जन्मजात आजार असतो, त्यात मुलांची कातडी नुसत्या घासण्यानं सोलवटते, फोड येतात. त्यांच्यासाठी जखमेला न चिकटणारी खास पट्टी लागते. ती बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीनं अमेरिकेचे निर्बंध परत आल्यावर इराणशी व्यवहार थांबवले. पट्टीवर बंदी नव्हती, कधीच नव्हती. ती मुलं साध्या कापडानं बांधलेल्या जखमा रोज सोलून काढत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी कंपनीला लिहिलं. हे वाचलं तेव्हा मला माझं टेबल आठवलं आणि झोप लागली नाही.

इराणी सरकारला यातून मोकळं सोडू नका. २०१२ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्री मार्झिये वहीद दस्तजेर्दी, इस्लामी प्रजासत्ताकातल्या पहिल्या महिला मंत्री, उघडपणे म्हणाल्या की औषधांच्या आयातीसाठी ठरलेलं परकीय चलन आमच्या खात्याला मिळालंच नाही, उलट महागड्या गाड्यांच्या आयातीला मिळालं. डिसेंबरात त्यांना मंत्रिपदावरून काढून टाकलं. त्यामुळे चलन जिथे थोडकं उरतं, तिथे ते आधी कोणाला मिळतं हा प्रश्न तिथल्या राज्यकर्त्यांनाच विचारावा लागतो. इराण आपली बहुतेक साधी औषधं स्वतः बनवतो. अडचण होते ती कॅन्सर, थॅलसेमिया, अवयव प्रत्यारोपण अशा रुग्णांची, ज्यांचं औषध जगात एकदोन ठिकाणीच तयार होतं.

पण अमेरिकेचं "आम्ही औषधं अडवली नाहीत" हे म्हणणं मला मान्य नाही. ३ ऑक्टोबर २०१८ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की औषधं, अन्न आणि नागरी विमानांच्या सुरक्षेचे सुटे भाग यांच्या आड येणाऱ्या अडचणी दूर करा, आणि त्यांचे पैसे जाऊ द्या असंही त्यात होतं. ज्या १९५५ च्या मैत्री तहाखाली इराण न्यायालयात गेला होता, तो तहच आपण सोडत असल्याचं अमेरिकेनं त्याच दिवशी जाहीर केलं. वॉशिंग्टनला अडचण माहीत होती. मनावर घेतल्यावर २०२० च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमार्फत एक वाट उघडली आणि कॅन्सरची व प्रत्यारोपणानंतरची २३ लाख युरोंची औषधं गेली. मग आठ कोटी लोकवस्तीच्या देशासाठी ती वाट आधीच का नव्हती?

तळेगावकर, तुमच्या कारखान्यातल्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण १९९८ ची आणि इराणची बरोबरी होत नाही. आपल्याला नवी कर्जं आणि तंत्रज्ञान नाकारलं होतं, पण आपल्या एकाही बँकेचं न्यूयॉर्कचं खातं कोणी बंद केलं नव्हतं. त्या वर्षीही मी डॉलरच्या बिलांवर रोज शिक्के मारत होते. आणि बाँडचे ते ४ अब्ज? तेही याच बँकांच्या रस्त्यानं आले. शेजारी पाकिस्तानवर तेच निर्बंध होते, पण पाकिस्तान अमेरिकी गव्हाचा मोठा गिऱ्हाईक, म्हणून त्यांच्या काँग्रेसनं जुलै १९९८ मध्ये घाईघाईनं कायदा करून शेतमाल मोकळा केला. स्वतःच्या शेतकऱ्याचं पोट आड आलं की वाट दोन महिन्यांत सापडते.

लातूरकर

शेवंतीताई, तुम्ही रुपयांच्या खात्याचं लिहिलंत म्हणून राहवलं नाही. आमचा सोयापेंडेचा धंदा आहे. तेल काढल्यावर उरते ती पेंड, कोंबड्यांना घालतात. ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड जगात स्वस्त, आपली महाग, त्यामुळे एरवी आम्हाला बाहेर गिऱ्हाईक मिळणं अवघड. पण इराण घ्यायचा. त्याचे रुपये इथेच अडकलेले, दुसरीकडे खर्चच करता येत नव्हते. तांदूळ, साखर, चहा, पेंड, जे मिळेल ते त्यानं भारतातून उचललं. २०१८-१९ च्या हंगामात तोच आमचा सर्वात मोठा गिऱ्हाईक होता. त्या वर्षी लातूरच्या बाजार समितीत भाव टिकला त्यात या मागणीचा हात होता, हे मी आकडेमोड करून नाही, आडतीवर बसून सांगतो.

मे २०१९ मध्ये इराणी तेल घ्यायची अमेरिकेनं दिलेली सवलत संपली आणि भारतानं इराणी तेल घेणं थांबवलं. पुढचं कोणी आम्हाला समजावून सांगितलं नाही. तेल नाही म्हणजे खात्यात नवे रुपये नाहीत, होते ते खर्चून संपत आले. तिकडचा खरेदीदार म्हणायचा माल पाठवा, बँक म्हणायची थांबा. आमच्यातल्या काहींचे पैसे महिनोन् महिने लटकले. शेतकऱ्याला आम्ही आठवड्यात पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब आणि पैसे, देतो, त्याला इराणच्या बंदर अब्बासचं काय सांगणार?

आज तुमचं लिखाण वाचून एक गोष्ट मनाला लागली. आम्हाला चार पैसे जास्त मिळत होते, ते तिकडच्या माणसाला महाग पेंड घ्यायला लागत होती म्हणून. त्याची कोंबडी महाग झाली असणार. या बाजूनं मी कधी पाहिलं नव्हतं.

घाटवाटा

शेवंतीताई, लातूरकर, मनापासून आभार. हे दोन्ही प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. पण माझा दुसरा प्रश्न अर्धा राहिला. २०१३ ते २०१५ मध्ये इराण वाटाघाटींना बसला आणि करार झाला, तो निर्बंधांमुळेच ना? मग "निर्बंध निरुपयोगी" असंही म्हणता येत नाही. ताई, तुम्हाला काय वाटतं?

शेवंती

निरुपयोगी मी म्हणणार नाही. २०१२ च्या युरोपीय तेलबंदीनंतर इराणची निर्यात निम्म्याच्या आसपास आली, रियाल घसरला, आणि जून २०१३ च्या निवडणुकीत हसन रुहानी ही कोंडी फोडायचं आश्वासन देऊनच निवडून आले. दबावाचा त्यात वाटा होता. पण फक्त दबाव असता तर करार झाला नसता. मागणी फक्त अणुकार्यक्रमापुरती होती आणि मोजता येण्यासारखी होती: युरेनियम ३.६७ टक्क्यांपलीकडे समृद्ध करायचं नाही, साठा ३०० किलोच्या आत ठेवायचा, निरीक्षकांना आत येऊ द्यायचं. आणि बदल्यात काय सुटणार हे कलमवार लिहिलेलं होतं. "अमुक करा, तमुक उठेल" याच्यावर समोरच्याचा विश्वास बसला, म्हणून जुलै २०१५ ला व्हिएन्नात करार झाला.

त्यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्यावर फार कमी बोललं जातं. जानेवारी २०१६ मध्ये निर्बंध उठले तरी मोठ्या युरोपीय बँका इराणमध्ये परतल्याच नाहीत. बीएनपीचा दंड ताजा होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी स्वतः लंडनमध्ये बँकवाल्यांना भेटून सांगत होते की कायदेशीर व्यवहार करा, काही होणार नाही. तरीही त्यांनी ऐकलं नाही! लावलेली भीती सरकारी आदेशानं काढता येत नाही. इराणनं एअरबसकडे १०० विमानं मागवली, हाती आली ३. तिथल्या सामान्य माणसाला कराराचं फळ म्हणून काय दिसलं असेल, विचार करा.

मग ८ मे २०१८. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अहवालामागून अहवाल देत होती की इराण अटी पाळतोय, आणि तरीही अमेरिका बाहेर पडली. या वेळी मागण्या बारा होत्या, क्षेपणास्त्रांपासून सीरियापर्यंत सगळ्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मान्य केल्या तर ते सरकार ते सरकारच उरलं नसतं. दबाव आधीपेक्षाही जबर होता. तेलाची निर्यात दिवसाला सुमारे २५ लाख बॅरलवरून ५ लाखांच्याही खाली आली. खुल्या बाजारात २०१८ च्या सुरुवातीला डॉलरला ४२-४३ हजार रियाल पडत होते, सप्टेंबरअखेर ते दीड लाखाच्या वर गेले. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी त्या नऊ महिन्यांत कुठे गेली असेल, हे मी बँकेत काम केलेली बाई म्हणून डोळ्यांपुढे आणू शकते. आणि अणुकार्यक्रम? जुलै २०१९ मध्ये ३०० किलोची मर्यादा ओलांडली, एप्रिल २०२१ मध्ये समृद्धीकरण ६० टक्क्यांवर गेलं. २०१५ ला जिथे होता त्याहून कितीतरी पुढे.

म्हणून मुलांना दोन्ही काळ शेजारी ठेवून दाखवा. त्याच देशावर, जवळजवळ त्याच साधनांनी. फरक होता तो मागणीत आणि शब्द पाळण्यात. लोकांचे हाल मात्र दोन्ही वेळा झाले, दुसऱ्या वेळी जास्त.

युरोपनं २०१९ मध्ये इन्स्टेक्स नावाची डॉलरशिवायची व्यवस्था काढली होती, मार्च २०२० मध्ये जर्मनीतून वैद्यकीय माल गेला आणि तेवढ्या एकाच व्यवहारावर २०२३ मध्ये ती गुंडाळली. त्यावर एक तास घालवायची गरज नाही.

दक्षिण कोरियाची गोष्ट मात्र सांगा. तिथल्या बँकांत इराणचे तेलाचे ६ अब्ज डॉलर अडकले होते, इराणचेच पैसे. सप्टेंबर २०२३ मध्ये पाच अमेरिकी कैद्यांच्या सुटकेच्या सौद्यात ते कतारला हलवले, फक्त अन्न-औषधांसाठी वापरायचे या अटीवर. पुढच्याच महिन्यात हमासनं इस्रायलवर हल्ला केला आणि ते तिथेही पुन्हा थिजले. औषधाचा पैसाही शेवटी ओलिसांच्या हिशेबात धरला जातो. मला याची चीड येते. कुठल्याही देशानं निर्बंध लावायचे असतील तर औषधाच्या पैशांची बँक पहिल्या दिवशी नेमून द्यावी, तिला लेखी हमी द्यावी आणि मग बाकीचं लावावं. स्वित्झर्लंडच्या वाटेनं हे जमतं हे दिसलेलं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात लावले आणि वाट २०२० च्या जानेवारीत, या मधल्या काळात ज्यांची औषधं संपली त्यांचं काय?

तळेगावकर

ताई, न्यूयॉर्कच्या खात्याचा मुद्दा पटला. पण मग भारतानं रुपयाची व्यवस्था कायमची का ठेवू नये? डॉलरच नको, तर कोण अडवणार?

शेवंती

ठेवावी, मी त्या बाजूची आहे. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपयातल्या व्यापारासाठी व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकांनी आपल्या बँकांत ठेवायच्या रुपयांच्या खात्यांची, नवी पद्धत आणलीच आहे. अडचण लातूरकरांनी सांगितली तीच. रुपये साचतात किंवा संपतात, कारण दोन देशांची देवघेव सारखी नसते. रशियाशी उलटं झालं: आपण तेल भरपूर घेतलं, त्यांना आपल्याकडून घ्यायला तितकं नव्हतं, रुपये पडून राहिले. शिवाय रुपयातला व्यवहार करणाऱ्या बँकेचं दुसरं एखादं डॉलरचं खातं न्यूयॉर्कला असतंच, आणि धमकी त्याच्यावर येते. युको बँक चालली ती अमेरिकेत तिची शाखा नव्हती म्हणूनच.

लातूरकर

ताई, एक व्यवहारातलं विचारतो, इथल्या इतरांनाही उपयोगी पडेल. अशा वेळी तिकडचे खरेदीदार म्हणतात, आमच्या बँकेतून जमत नाही, दुबईच्या एका फर्मकडून पैसे पाठवतो, तुम्ही माल सोडा. बरेच जण तयार होतात. यात धोका कितपत?

शेवंती

फार. घेणारा एक आणि पैसे पाठवणारा दुसरा असला की बँक पहिला प्रश्न हाच विचारते, हा मधला कोण? सौद्यात त्याचं नाव आधीपासून नसेल, तिघांचा लेखी करार नसेल, तर बँकेला तुमचं निर्यात बिल त्या पैशांशी जुळवता येत नाही. माल गेलेला, पैसे आलेले, तरी कागदावर वसुली बाकी दिसत राहते. आणि ती दुबईची फर्म उद्या अमेरिकेच्या यादीत आली, तशा कितीतरी आल्या आहेत, तर तुमच्याही खात्याची चौकशी लागते. पेंडेला किंवा तांदळाला सूट आहे म्हणून फर्मला सूट मिळत नाही.

करायचं असेल तर सरळ करा. सौदा करण्यापूर्वी खरेदीदार, त्याची बँक, पैसे पाठवणारा आणि जहाज कुठल्या कंपनीचं, ही चारही नावं लिहून आपल्या बँकेच्या परकीय चलन शाखेत द्या. जहाजाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण इराणची सरकारी जहाज कंपनी स्वतःच यादीत आहे. तोंडी "हो, होईल" यावर जाऊ नका, शाखाधिकारी बदलतात. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय कंटेनर न्हावाशेवाकडे हलवू नका, आणि पैसे थकले तर नुकसान कोणाचं, हे कलम करारात आधीच घालून घ्या.